जुन्या लायब्ररींवर आपलं साधन बिल्ड होत राहावं म्हणून तुम्ही काय करता?

शाईदौत

नमस्कार मंडळी,

जुन्या फॉन्टांमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक छोटं मुक्त साधन मी सांभाळते. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्ही-टीटी सुरेख अशा फॉन्टांत टाइप केलेली फाइल घ्यायची, त्या फॉन्टाचा तक्ता लावायचा, पहिली वेलांटी अक्षरानंतर न्यायची, रफार उचलून योग्य जागी ठेवायचा आणि जुना-नवा मजकूर शेजारी शेजारी दाखवायचा, एवढंच त्याचं काम. कोड सी आणि थोड्या सी++ मध्ये आहे. जीलिब (सी मधल्या नेहमीच्या कामांसाठी), पँगो आणि हार्फबझ (अक्षरजुळणीसाठी) आणि आयसीयू (युनिकोडच्या कामांसाठी) या लायब्ररी लागतात. बिल्ड, म्हणजे कोडवरून प्रोग्राम बांधणं, मेसॉन या साधनावर.

वापरणारी मंडळी म्हणजे तालुक्याची वाचनालयं, छोटे छापखाने, दिवाळी अंकांचे आणि नियतकालिकांचे जुने संपादक. वीस-पंचवीस वर्षांचे अंक त्या फॉन्टांत अडकून पडलेत. त्यांचे संगणकही त्याच वयाच्या आसपासचे. कुणा उत्साही मुलाने कधीतरी उबुंटू लिनक्सची १८.०४ ही २०१८ मधली आवृत्ती घालून दिली, ती नीट चालतेय, म्हणून कुणी हात लावत नाही. काही ठिकाणी अजून १६.०४ आहे.

माझं मशीन २२.०४ वर गेल्यापासून दोन तक्रारी येतात. एक, मी दिलेली बायनरी, म्हणजे बांधून तयार प्रोग्राम, १८.०४ वर 'ग्लिबसी २.३४ सापडली नाही' असं सांगून सुरूच होत नाही (ग्लिबसी म्हणजे लिनक्सवरच्या प्रोग्रामांना लागणारी पायाभूत सी लायब्ररी). दोन, जे स्वतः सोर्सवरून बिल्ड करतात त्यांचा बिल्ड मधेच फुटतो, कारण मी वापरलेली काही फंक्शन्स त्यांच्या लायब्ररीत नाहीत.

'सिस्टिम अपग्रेड करा' असं उत्तर मला द्यायचं नाही. ज्यांच्यासाठी हे साधन आहे तेच त्या संगणकांवर बसलेत. पण काम रात्री घरचं आवरून करायचं, हेही खरं आहे. तर अनुभवी लोकांनी सांगा: जुना पाया किती मागे धरावा, आणि तो धरून ठेवायचा कसा?

टर्मिनलवाला

ताई, तुमच्या दोन तक्रारी मुळातच वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या ठेवल्यात तर पुढचं सोपं जाईल.

पहिली बायनरीची. ग्लिबसी प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीची चिठ्ठी लावते. जुन्या बायनरी नव्या ग्लिबसीवर चालतात, ते त्या चिठ्ठ्यांमुळेच. उलट मात्र होत नाही. नव्या ग्लिबसीवर लिंक केलं की लिंकर प्रत्येक फंक्शनची त्या वेळची ताजी चिठ्ठी उचलतो. ऑगस्ट २०२१ मध्ये २.३४ आली तेव्हा पीथ्रेड वगैरे वेगळ्या लायब्ररी मुख्य लिबसीत विलीन केल्या, आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या लिबसी-स्टार्ट-मेन या फंक्शनलाच नवी चिठ्ठी लागली. त्यामुळे त्यानंतर बांधलेला, एक ओळ छापणारा प्रोग्रामसुद्धा २.३४ मागतो. १८.०४ वर ग्लिबसी २.२७ आहे. तुम्ही कोडमध्ये काहीही बदललं नसतंत तरी हे झालंच असतं.

पुढे २.३८ मध्ये आणखी एक भर पडली. तिथल्या हेडरांवर (फंक्शन्सच्या घोषणा असलेल्या फाइलींवर) ज्नू-सोर्स हा मॅक्रो लावून कंपाइल केलं, आणि सी++ मध्ये तो आपोआप लागतो, की साधं स्ट्रटोल हे फंक्शन गुपचूप आयएसओसी-२३ नावाच्या नव्या सिम्बॉलकडे वळतं. म्हणजे उद्या तुम्ही २४.०४ वर गेलात, तिथे ग्लिबसी २.३९ आहे, की अडचण आणखी वाढणार.

यावर खात्रीचा उपाय एकच: बायनरी जुन्या सिस्टिमवर बांधा. तेवढ्यासाठी जुनं मशीन ठेवायला नको, १८.०४ चा कंटेनर, म्हणजे आजच्या मशीनवरच चालणारी त्या सिस्टिमची बंदिस्त प्रत, पुरतो. असेंब्लर डिरेक्टिव्हने एकेका फंक्शनची जुनी चिठ्ठी हाताने लावता येते, पण त्या वाटेला जाऊ नका. पाच फंक्शन्सना लावाल आणि सहावं निसटेल, शिवाय हेडर नवेच राहतात.

बांधून झालं की ऑब्जडम्पला मोठा टी हा पर्याय देऊन बायनरीतले डायनॅमिक सिम्बॉल काढा आणि ग्लिबसीची सर्वांत वरची आवृत्ती कोणती ते पाहा. २.२७ च्या वर काही दिसलं तर बिल्ड तिथेच नापास करा. दहा ओळींची शेल स्क्रिप्ट आहे ही, पण वापरणाऱ्याआधी तुम्हाला कळतं.

रात्रपाळी

मी विरुद्ध बाजूने बोलतो, राग नसावा.

उबुंटू १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२३ मध्ये संपला, १६.०४ चा एप्रिल २०२१ मध्ये. एका मेंटेनरने, तेही फावल्या वेळात, हे ओझं किती काळ वाहायचं? मी एका नेटवर्किंगच्या प्रकल्पात होतो. ओपनएसएसएल या एनक्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.१.० ने २०१६ मध्ये आतले स्ट्रक्चर झाकले आणि काही फंक्शन्सची नावं बदलली. १.०.२ आणि १.१.० दोन्ही चालावीत म्हणून आम्ही जागोजागी इफडेफ, म्हणजे कंपाइल करताना एक वाट निवडणाऱ्या अटी, घातले. मग तिचीच वेगळी शाखा असलेलं लिब्रेएसएसएल वापरणारे आले. ते आपला आवृत्ती क्रमांक २.०.० असा सांगतं, पण १.१.० ची फंक्शन्स तेव्हा त्यात नव्हती. आमची तपासणी 'क्रमांक १.१.० पेक्षा मोठा' म्हणून नवी वाट धरायची आणि बिल्ड फुटायचा. म्हणजे इफडेफच्या आत पुन्हा इफडेफ. शेवटी फाइल उघडली की मूळ काम कुठे चाललंय तेच दिसेना. नवीन मुलं पॅच पाठवायला बिचकायची, आणि प्रकल्पाची खरी हानी तिथे झाली.

वापरणाऱ्यांबद्दल कळकळ आहेच. पण मेंटेनर थकून निघून गेला तर त्यांना जुनंही मिळत नाही आणि नवंही.

शाईदौत

> नवीन मुलं पॅच पाठवायला बिचकायची

हे मनापासून पटलं. माझ्याकडे तक्ते दुरुस्त करणारे बरेचसे मराठीचे शिक्षक आणि मुद्रितशोधक आहेत. त्यांच्यासमोर इफडेफचं जंगल उभं करायचं नाही, ही अट मी आत्ताच पक्की करते.

डोंगरवाट

वाचतोय. वाचनखूण साठवली. आमच्या गावच्या वाचनालयात हेच साधन वापरतात, १८.०४ वरच.

कणाद

रात्रपाळींनी सांगितलेला त्रास खरा आहे. पण तो जुन्या लायब्ररीमुळे जितका झाला तितकाच तपासण्या कोडभर पसरल्यामुळे झाला, असं मला वाटतं. गिटच्या सोर्समध्ये याचं चांगलं उदाहरण पाहायला मिळतं. गिट हे लिबकर्ल या नेटवर्कच्या लायब्ररीच्या बऱ्याच जुन्या आवृत्त्यांवर बिल्ड होतं. पूर्वी कर्लच्या आवृत्तीच्या तपासण्या कोडभर विखुरलेल्या होत्या. २०२१ मध्ये त्या सगळ्या एका हेडरमध्ये आणल्या. तिथे प्रत्येक गोष्टीला स्वतःचं नाव दिलंय आणि वर टीप आहे: हे कर्लच्या अमुक आवृत्तीत आलं, ती आवृत्ती अमुक महिन्यात निघाली. बाकी कोडमध्ये फक्त 'ही सोय आहे का' एवढंच विचारायचं. त्या टिपेतली तारीख फार मोलाची. पाया वर उचलायची वेळ आली की हेडर उघडायचं, तारखा पाहायच्या आणि ज्यांची गरज संपली त्या ओळी खोडायच्या.

लिब्रेएसएसएलच्या गोष्टीवरूनही हेच दिसतं. क्रमांक विचारू नका, फंक्शन आहे का ते विचारा. मेसॉनमध्ये त्यासाठी हॅज-फंक्शन आहे, ऑटोकॉन्फ या दुसऱ्या बिल्ड-साधनात चेक-फंक्स. रेड हॅटसारख्या डिस्ट्रो (लिनक्सची वितरणं) जुन्याच क्रमांकाच्या पॅकेजमध्ये नव्या दुरुस्त्या मागे आणून घालतात, त्यामुळे क्रमांकावरून आत काय आहे ते नेमकं कळत नाहीच.

आता माझी बाजू. मी संशोधनासाठी जो क्लस्टर वापरतो तो सेंटओएस ७ वर आहे. ग्लिबसी २.१७, कंपायलर जीसीसी ४.८.५. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, पण चालू क्लस्टरची सिस्टिम बदलणं म्हणजे फाइलसिस्टिम, नेटवर्क, लायसन्स, सगळ्यांचं वेळापत्रक. वापरणाऱ्याच्या हातात त्यातलं काही नसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हीएस कोडच्या १.८६ ने रिमोट मशीनवर ग्लिबसी २.२८ सक्तीची केली तेव्हा जगभरातून अशाच लोकांनी हाक दिली, आणि त्यांना काही काळासाठी जुनी सोय परत द्यावी लागली. तेव्हा 'हे लोक आळशी आहेत' असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं.

एक धोका मात्र वेगळा सांगायला हवा. जीसीसी ४.८ मध्ये सी++११ चं रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधण्याचं) हेडर आहे. कोड बिनबोभाट कंपाइल होतो, लिंकही होतो, आणि चालवताना कोसळतो, कारण आतलं काम ४.९ मध्ये पूर्ण झालं. म्हणून जुन्या कंटेनरमध्ये नुसता बिल्ड करून थांबू नका. तिथेच चाचण्यासुद्धा चालवा. तुमच्यासारख्या साधनाला चाचण्या लिहिणं सोपं आहे: जुन्या फॉन्टातली ओळ आत, युनिकोड ओळ बाहेर.

केतकी_बन

कणाद +१. पायथनवाल्यांनी हेच वळण संस्थात्मक केलंय. एकच बायनरी बऱ्याच लिनक्सवर चालावी म्हणून मेनीलिनक्स नावाची पद्धत आहे. २०१६ मधली पहिली सेंटओएस ५ वर बांधलेली, मग २०१० नावाची सेंटओएस ६ वर, २०१४ नावाची सेंटओएस ७ वर. नंतर नावातच ग्लिबसीची आवृत्ती घालायचं ठरलं, २_१७, २_२८ अशी. पॅकेजच्या फाइलनावावरूनच कळतं की पाया कोणता. तयार कंटेनर मिळतात, आणि ऑडिटव्हील नावाचं साधन बायनरी तपासून सांगतं की दिलेलं वचन पाळलंय की नाही. नंपायसारख्या पॅकेजच्या 'व्हील' नावाच्या तयार फाइली लाखो मशीनवर न कुरकुरता बसतात, त्यामागे हे आहे.

शाईदौत ताई, तुमच्या डाउनलोडच्या नावातही 'ग्लिबसी-२.२७' असं लिहा. छापखान्यातल्या माणसाला नाही कळलं तरी त्याला मदत करणाऱ्याला लगेच कळेल.

शाईदौत

आज १८.०४ च्या कंटेनरमध्ये सोर्सवरून बिल्ड करून पाहिला. फुटायची कारणं इथे लिहिते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

जीलिब: तिथे २.५६ आहे. मी जी-मेमडुप२ वापरलं होतं, ते २.६८ मध्ये आलं. जुन्या जी-मेमडुपमध्ये आकार ३२ बिटांत कापला जायचा आणि त्यातून सुरक्षेचा प्रश्न निघाला, म्हणून नवं आलं. तेव्हा जुन्याकडे परत जायचं नाही.

हार्फबझ: तिथे १.७.२ आहे. फॉन्टाच्या फाइलवरून थेट ब्लॉब (मेमरीतला माहितीचा तुकडा) बनवणारं फंक्शन १.७.७ मध्ये आलं. थोडक्यात हुकलं.

आयसीयू: बिल्ड होतो. पण १८.०४ वर आयसीयू ६०, २०.०४ वर ६६, २२.०४ वर ७०, आणि एकीवर बांधलेली बायनरी दुसरीवर चालत नाही.

मेसॉन: तिथलं ०.४५ माझी बिल्ड फाइल वाचूच शकत नाही.

टर्मिनलवाला

वा, नेमकी यादी दिलीत. एकेक घेतो.

मेमडुप२ साठी पाच ओळींचं स्वतःचं फंक्शन लिहा: आकार शून्य असेल तर नल, नाहीतर जी-मॅलॉक आणि मेमकॉपी. बऱ्याच प्रकल्पांनी हेच केलंय. फक्त त्याला जीलिबचं नाव देऊ नका, तुमच्या साधनाचा उपसर्ग लावा. कारण पुढची गोष्ट करायची आहे: जीलिबला दोन मॅक्रो सांगता येतात, किमान आवृत्ती आणि कमाल परवानगी. कमाल परवानगी २.५६ ठेवलीत की त्यानंतरचं कुठलंही जीलिब फंक्शन वापरताच तुमच्या २२.०४ वरच कंपायलर इशारा देईल. तो इशारा एररमध्ये बदला. जुना कंटेनर लावायच्या आधीच, लिहिता लिहिता कळतं.

हार्फबझसाठी फाइल स्वतः वाचा आणि साध्या ब्लॉब-क्रिएटला द्या. ते पहिल्यापासून आहे. इथे इफडेफसुद्धा नको, जुनीच वाट सगळीकडे चालते. दोन्हीकडे चालणारी एक वाट सापडली तर तीच धरायची. दुसरी शाखा ठेवली की ती कुणी तपासत नाही.

मेसॉन पिपने (पायथनच्या पॅकेज-साधनाने) टाका. पण १८.०४ चा पायथन ३.६ आहे आणि मेसॉन ०.६२ पासून ३.७ मागतं. म्हणजे ०.६१ पर्यंतच जाता येतं. तुमच्या बिल्ड फाइलमध्ये किमान मेसॉनची आवृत्ती लिहा. त्यानंतरची सोय वापरलीत तर मेसॉन स्वतःच कुरकुर करतं. बिल्डचं साधनही जुनं होत असतं, हे बरेचदा लक्षात राहत नाही.

आयसीयू नेमकं कशासाठी वापरता?

शाईदौत

फक्त नॉर्मलायझेशनसाठी, म्हणजे एकच अक्षर नेहमी एकाच पद्धतीने साठवलं जावं म्हणून. शेवटी मजकूर एनएफसी या युनिकोडच्या ठरीव रूपात यावा.

टर्मिनलवाला

मग ते काढून टाका! जीलिबमध्ये यूटीएफ-८ नॉर्मलाइझ करणारं फंक्शन पार २.० पासून आहे. आयसीयू आपल्या प्रत्येक फंक्शनच्या नावाला स्वतःचा आवृत्ती क्रमांक चिकटवतं, म्हणून ती बायनरी डिस्ट्रो बदलली की मोडते. एवढ्याशा कामासाठी तो त्रास नको. जी लायब्ररी नाही, ती जुनी होत नाही.

केतकी_बन

यात मराठीपुरतं एक तपासून घ्या ताई. 'तऱ्हा', 'दऱ्या' मधला ऱ. युनिकोडमध्ये तो र आणि नुक्ता असा दोन तुकड्यांतही लिहिता येतो आणि एक अक्षर म्हणूनही. एनएफसीमध्ये तो एकच अक्षर होतो. पण हिंदी-उर्दूतले क़, ज़, फ़ यांचं उलट होतं. ती एकसंध अक्षरं एनएफसीतसुद्धा सुटी होतात, कारण युनिकोडने ती जोडणीतून मुद्दाम वगळलीत. तुमच्या तक्त्यात गझलांचे अंक असतील तर दोन्ही गोष्टींची चाचणी ठेवा. नियम स्थिर आहेत, त्यामुळे जीलिब आणि आयसीयू दोघांचं उत्तर सारखंच यायला हवं. तरी आयसीयू काढायच्या आधी आणि नंतर तुमचा सगळा नमुना मजकूर चालवून जुळवून पाहा.

शाईदौत

केतकी, हे नजरेतून सुटलं असतं. चाचण्यांत दोन्ही ओळी घातल्या. तऱ्हा, दऱ्या, वाऱ्यावर, सगळं बरोबर आलं. आयसीयू गेलं.

खिळेमास्तर

मी प्रोग्रामर नाही. छापखाना चालवतो, शाईदौत ताईंचं साधन वापरतो. तुमच्यातलं निम्मं समजलं नाही, पण एक सांगावंसं वाटलं.

माझ्याकडे दोन संगणक आहेत, एकावर उबुंटू १८.०४, एकावर २२.०४. नव्यावर माझे काही जुने देवनागरी फॉन्ट दिसतच नाहीत, चौकोन येतात. जुन्यावर दिसतात. मूळ पान कसं होतं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रूपांतर बरोबर झालं की नाही हे मी कसं सांगू? एखादा काना इकडचा तिकडे झाला तर कवितेचा अर्थ बदलतो. म्हणून मी जुना संगणक काढत नाही. नवा घ्यायला पैसे नाहीत, अशातला भाग नाही.

टर्मिनलवाला

मास्तर, तुमचे ते फॉन्ट बहुधा टाइप-१ प्रकारचे असणार, पीएफबी नावाच्या फाइली. पँगोने २०१९ मध्ये १.४४ या आवृत्तीपासून अक्षरजुळणी पूर्णपणे हार्फबझकडे दिली आणि टाइप-१ चा आधार गेला. १८.०४ वर पँगो १.४० आहे म्हणून तिथे दिसतात. फॉन्टफोर्जमध्ये उघडून ओपनटाइप म्हणून काढून घेता येतात, परवाना तशी मुभा देत असेल तर. मग नव्या संगणकावरही मूळ पान दिसेल.

आणि तुमचा मुद्दा इथल्या सगळ्यांसाठी महत्त्वाचा आहे. एखादा माणूस जुन्या लायब्ररीवर राहतो तेव्हा कधी कधी तिथे असं काही असतं जे नव्यात उरलेलं नसतं.

बोरीबंदर

३२ बिटवाल्यांचं काय? आमच्या ओळखीच्या दोन वाचनालयांत ३२ बिटचे संगणक आहेत. त्यांचा १६.०४ पुढे जाणारच नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलंय.

केतकी_बन

उबुंटूने ३२ बिटची स्थापना १८.०४ नंतर थांबवली, पण डेबियन १२ अजून ३२ बिटवर बसतं. त्यात ग्लिबसी २.३६ आहे, म्हणजे लायब्ररी नव्या आणि यंत्र जुनं. एक्सएफसीई किंवा एलएक्सडीई घातलं तर कमी मेमरीतही चालतं. डेबियन १३ पासून मात्र ३२ बिटची स्थापना बंद झाली, म्हणून १२ चीच प्रतिमा घ्या. ज्यांना हलवता येतं त्यांना असं हलवलं तर शाईदौत ताईंचं १६.०४ चं ओझंही उतरेल.

दूरदेशी

मी मॅककडून लिहितो. इथेही हाच प्रश्न आहे आणि मॅकपोर्ट्सने त्यावर सुंदर तोडगा काढलाय. लेगसी-सपोर्ट नावाची त्यांची एक छोटी लायब्ररी आहे. जुन्या मॅकओएसमध्ये नसलेली फंक्शन्स ती पुरवते, हेडर आणि कोड दोन्ही. उदाहरणार्थ क्लॉक-गेटटाइम मॅकवर १०.१२ मध्ये, २०१६ साली आलं. त्याआधीच्या सिस्टिमवर ते या लायब्ररीतून मिळतं. त्यामुळे शेकडो प्रकल्पांच्या कोडमध्ये एकही इफडेफ न घालता ते बिल्ड होतात. ज्नूलिब या तयार कोडच्या संग्रहाचाही असाच उपयोग होतो.

फंक्शन आहे का ते तपासा, असं वर म्हटलंय, त्याला एक पुरवणी. ती तपासणी ज्या हेडरांवर करता ती जुन्या सिस्टिमची असली पाहिजेत. ॲपलचं बिल्ड-साधन एक्सकोड ८ आलं तेव्हा त्याच्या नव्या एसडीकेवर (हेडर आणि लायब्ररींच्या संचावर) बसून जुन्या १०.११ साठी बिल्ड करणाऱ्यांना कॉन्फिगर सांगायचं 'हो, क्लॉक-गेटटाइम आहे'. कारण ते एसडीकेत होतं. प्रोग्राम बांधला जायचा आणि १०.११ वर चालू होताना कोसळायचा. म्हणून तुमचा १८.०४ चा कंटेनर म्हणजे खरोखर १८.०४ ची हेडर हवीत, नव्यावरून अंदाज नको.

रात्रपाळी

ही चर्चा वाचून माझा विरोध बराच निवळला आहे. एकच काळजी उरते: सुरक्षा. हे साधन परक्या फाइली आणि परके फॉन्ट उघडतं. मार्च २०२५ मध्ये फ्रीटाइप या फॉन्ट वाचणाऱ्या लायब्ररीतली सीव्हीई-२०२५-२७३६३ ही त्रुटी जाहीर झाली, २.१३.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत. फॉन्ट वाचताना मेमरीबाहेर लिहिलं जायचं, आणि प्रत्यक्ष हल्ल्यांत तिचा वापर झाला असावा असंही तेव्हा सांगितलं गेलं. जुनी सिस्टिम म्हणजे अशी दारं उघडी.

कणाद

बरोबर, आणि त्यावरूनच एक निर्णय घेता येतो. काही जण सुचवतील की फ्रीटाइप, हार्फबझ सगळं बायनरीत भरून टाका, म्हणजे जुन्या सिस्टिमशी संबंधच नको. तसं केलं तर प्रत्येक त्रुटीनंतर नवी बायनरी काढायची जबाबदारी शाईदौत ताईंवर येते, आणि ती रात्री अकरा वाजता एकट्या माणसाला झेपणारी नाही. सिस्टिमची लायब्ररी वापरली तर दुरुस्ती डिस्ट्रोकडून येते. उबुंटू प्रो ही वाढीव सपोर्टची सेवा वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत मोफत आहे, १८.०४ ला त्यातून २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. वाचनालयांना तेवढं चालू करायला सांगा. साधनाच्या माहितीपानावरच ती पायरी लिहा.

कंटेनरबद्दल एक सूचना. कंटेनर ग्लिबसी नवी देतो, पण कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, खालच्या मशीनचाच राहतो. सेंटओएस ६ च्या २.६.३२ कर्नलवर उबुंटू १८.०४ चा कंटेनर 'कर्नल फार जुना' म्हणून उभाच राहत नाही. तेव्हा 'वापरणाऱ्यालाच कंटेनर द्या' हा उपाय वाटतो तितका सर्वत्र लागू पडत नाही. बिल्डसाठी मात्र उत्तम.

डोंगरवाट

आपोआप बिल्ड कुठे करणार? गिटहबवर १८.०४ चे रनर (आपोआप बिल्ड करणारी मशीन) २०२३ मध्येच काढले ना?

टर्मिनलवाला

हो, आणि २०.०४ चे २०२५ मध्ये. आजच्या रनरवर कंटेनर चालवायचा. पण संपूर्ण जॉबच १८.०४ च्या कंटेनरात टाकलात तर सोर्स आणणारी पायरीच पडते. ती नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या २० किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवर चालते आणि त्या नोडला ग्लिबसी २.२८ लागते, तिथे २.२७. म्हणून सोर्स बाहेर रनरवर आणा, आणि मग ते फोल्डर जोडून डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाने रन करा. बिल्ड, चाचण्या, सिम्बॉलची तपासणी, तिन्ही आत.

कंटेनरची प्रतिमा एकदा तयार झाली की जपून ठेवा. जुन्या डिस्ट्रोंचे सर्व्हर जागा बदलतात. सेंटओएस ७ चा सपोर्ट संपल्यावर मिरर सर्व्हरांची यादीच बंद झाली आणि यम या पॅकेज-साधनाला व्हॉल्ट या जुन्या संग्रहाचा पत्ता हाताने द्यावा लागतो.

शाईदौत

सगळ्यांचे आभार. मी ठरवलंय ते लिहिते.

पाया उबुंटू १८.०४: ग्लिबसी २.२७, जीलिब २.५६, पँगो १.४०, हार्फबझ १.७.२. जुन्या-नव्याची सगळी जुळवाजुळव एकाच फाइलमध्ये राहील, प्रत्येक गोष्टीवर 'कोणत्या आवृत्तीत आलं' ही टीप असेल. तक्त्यांच्या आणि रूपांतराच्या कोडमध्ये त्यातलं काही दिसणार नाही. १८.०४ च्या कंटेनरात चाचण्यांसकट बिल्ड झाल्याशिवाय पॅच आत येणार नाही. पाया वर उचलायचा झाला तर एक आवृत्ती आधी जाहीर करीन.

१६.०४ सोडते आहे. तिथे आत्ता चालणारी शेवटची आवृत्ती तशीच डाउनलोडला राहील. एवढंच मनाला लागतंय.

कणाद

१६.०४ साठी एक विचार सुचतो. या लोकांना नवा प्रोग्राम हवा असतो की नवे तक्ते? मला वाटतं, बहुतेक वेळा नव्या फॉन्टाचा तक्ता किंवा एखाद्या जोडाक्षराची दुरुस्ती हवी असते. आत्ता तक्ते सी फाइलीत कंपाइल होतात. ते वेगळ्या मजकूर फाइलींत काढले तर जुन्या बायनरीलाही नवे तक्ते मिळतील. देशोदेशीच्या प्रमाणवेळांचा टीझेडडेटा असाच लिबसीपासून वेगळा सांभाळला जातो. एखादा देश घड्याळ बदलतो तेव्हा कुणी ग्लिबसी नव्याने बांधत नाही.

खिळेमास्तर

हे झालं तर फार चांगलं. तक्ता साध्या फाइलीत असेल तर मी स्वतःसुद्धा दुरुस्त करू शकेन. माझ्याकडच्या एका फॉन्टात 'ज्ञ' चुकतो आहे.

शाईदौत

कणाद, हे करायचंच. १६.०४ च्या त्या शेवटच्या आवृत्तीत एकच बदल करून पुन्हा काढते: तक्ते बाहेरच्या फोल्डरमधून वाचायचे. प्रत्येक तक्त्याच्या पहिल्या ओळीत तक्त्याच्या रचनेचा क्रमांक ठेवीन, म्हणजे उद्या रचना बदलली तर जुना प्रोग्राम चुकीचं वाचण्याऐवजी तसं सांगून थांबेल. एका ओळीत एक जोडी, मधे टॅब, यूटीएफ-८. मास्तर, तुमचा 'ज्ञ' पाठवा: मूळ फाइलीतली एक ओळ आणि ती तुमच्या जुन्या संगणकावर कशी दिसते त्याचं चित्र.

डोंगरवाट

तक्ते सी फाइलीतून मजकूर फाइलींत काढायचं काम मी घेतो. पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहितो, ३.५ वर चालेल अशी, कारण १६.०४ वर तोच आहे. वाचनालयातल्या १८.०४ च्या संगणकावर शनिवारी संध्याकाळी बसता येतं, तिथे खऱ्या मशीनवरही चालवून पाहीन. ताई, सुरुवात कोणत्या फॉन्टापासून करू?

शाईदौत

डीव्ही-टीटी सुरेख घ्या. त्याचा तक्ता सर्वांत मोठा आहे आणि त्याच्या चाचण्याही सर्वांत जास्त आहेत. शाखा उघडून ठेवली आहे.